लहरी वीज आणि इन्व्हर्टर एसी

इन्व्हर्टर एसी घेतला की वीज गेल्यावरही तो चालू राहील, असं समजणारे लोक आजही भेटतात. चूक त्यांची नाही, एकच शब्द दोन निराळ्या वस्तूंना चिकटला आहे. एकाच दिशेने वाहणारी वीज (डीसी) दिशा बदलत राहणाऱ्या, म्हणजे प्रत्यावर्ती विजेत बदलणाऱ्या कोणत्याही उपकरणाला इन्व्हर्टर म्हणतात. वीज गेल्यावर पंखे-दिवे चालवणारा घरचा इन्व्हर्टर ही डीसी वीज बॅटरीतून घेतो. एसीतल्या इन्व्हर्टरसाठी ती भिंतीवरच्या प्लगमधल्या विजेपासूनच बनवली जाते. त्याच्या पोटात बॅटरी नसते. वीज गेली की हा एसीही इतरांसारखाच गप्प होतो.

मग त्यात इन्व्हर्टर कशासाठी? जुन्या पद्धतीच्या एसीत कॉम्प्रेसरची, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाची, मोटर थेट विजेच्या वारंवारतेशी बांधलेली असते. विजेची लाट सेकंदाला ५० आवर्तनं पूर्ण करते, म्हणून मोटर ठरावीक वेगानेच फिरते. तिला दोनच गोष्टी येतात, पूर्ण वेगाने धावणं आणि थांबणं. इन्व्हर्टर एसीत आलेली वीज आधी डीसी होते, मोठ्या कपॅसिटरांमध्ये साठते आणि सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच तिच्यातून हव्या त्या वारंवारतेची नवी वीज घडवतात. त्यामुळे कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे संथ किंवा जलद चालतो. घरगुती एसीत हे तंत्र १९८१ मध्ये जपानच्या तोशिबा कंपनीने आणलं.

यातून वीज वाचते ती केवळ बंद-चालूचा फेरा टळल्यामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. खरं कारण त्याहून सुंदर आहे. एसी म्हणजे उष्णता आतून बाहेर, थंड जागेतून गरम जागेत, चढवणारा पंप. विहीर जितकी खोल तितके पाणी उपसायला कष्ट अधिक, तसंच इथेही आतलं आणि बाहेरचं कॉइल (उष्णता घेणारी आणि सोडणारी नळ्यांची जाळी) यांच्या तापमानातला फरक जितका मोठा, तितकी वीज जास्त. कॉम्प्रेसर अर्ध्या वेगाने चालतो तेव्हा कॉइल मात्र तेवढंच मोठं असतं. थोडीच उष्णता टाकायची असल्याने बाहेरचं कॉइल कमी तापतं, आतलं कमी गारठतं, आणि जणू विहीरच उथळ होते. म्हणून संथ चालणारा एसी प्रत्येक युनिटमागे जास्त थंडावा देतो.

आता ज्या घरात वीज दर दोन तासांनी जाते, तिथे काय होईल ते पाहा. बचत होते ती एसी तासन् तास संथपणे चालत राहिला तर. वीज गेली, खोली तापली, वीज आली, की एसीला पुन्हा पूर्ण वेगाने धावावं लागतं, आणि पूर्ण वेगाने धावणारा इन्व्हर्टर एसी साध्या एसीहून फारसा वेगळा उरत नाही. लेबलवरचे तारे आणि बचतीचे आकडे वीज अखंड आहे असं धरूनच काढलेले असतात. भारनियमनाच्या घरात ही बचत संपत नाही, पण बरीच आक्रसते. फक्त वीजबिलाचा हिशोब करून महागडा एसी घेणाऱ्याला ही गोष्ट कुणीतरी आधी सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

तरीही अशा घरासाठी मी इन्व्हर्टर एसीच्याच बाजूने आहे. कारण बिलाचं नाही, चालू होण्याच्या पद्धतीचं आहे. साध्या एसीची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या चार ते सहा पट करंट ओढते. दिवे मिणमिणतात ते यामुळेच. व्होल्टेज आधीच कमी असेल तर प्रश्न आणखी बिकट होतो, कारण अशा मोटरची फिरवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आलं की ताकद उरते ६४ टक्के. मग मोटर गुरगुरते पण फिरत नाही, तो मोठा करंट तसाच वाहत राहतो आणि गुंडाळ्या तापतात. संरक्षक स्विचने वेळेवर तोडलं तर ठीक, नाहीतर कॉम्प्रेसर जळतो. इन्व्हर्टर एसी कॉम्प्रेसरला शून्यापासून हळूहळू वेग देतो, त्यामुळे हा धक्का जवळजवळ नाहीसाच होतो.

पण याची दुसरी बाजू फार कमी बोलली जाते. जुना एसी म्हणजे मुख्यतः तांबं आणि लोखंड. इन्व्हर्टर एसीत त्यांच्या जोडीला नाजूक इलेक्ट्रॉनिक्स येतं. कमी व्होल्टेज ते सोसतं, वाढलेलं व्होल्टेज मात्र त्याच्या मुळावर येतं. आपण २३० व्होल्ट म्हणतो ती एका विशिष्ट प्रकारची सरासरी असते. त्या लाटेचा माथा ३२५ व्होल्टपर्यंत जातो आणि आतले कपॅसिटर जवळपास त्या माथ्याइतके भरतात. पुरवठा २८० व्होल्ट झाला तर माथा जातो ३९६ वर. हे कपॅसिटर अनेकदा ४५० व्होल्टपर्यंतच टिकतील असे बनवलेले असतात. म्हणजे हाताशी फार जागा उरत नाही.

सगळ्यात भयंकर प्रसंग म्हणजे तीन फेजच्या लाइनवर न्यूट्रल, म्हणजे सगळ्या घरांची वीज परत नेणारी सामाईक तार, तुटणं. तेव्हा शेजारच्या घरांत कोण किती वीज वापरतं आहे यावर आपल्या प्लगमधलं व्होल्टेज ठरतं. एका घरात ते पडतं, दुसऱ्या घरात ४०० च्या दिशेने चढतं. सर्किटवर एमओव्ही नावाचा एक छोटा गोल घटक असतो, पण तो विजेच्या क्षणिक उसळीसाठी आहे. व्होल्टेज मिनिटभर चढलेलं राहिलं तर तो स्वतःच जळतो, आणि बऱ्याचदा पीसीबीलाही, म्हणजे एसीच्या इलेक्ट्रॉनिक पाटीलाही, बरोबर घेऊन जातो.

म्हणून एसीच्या दुकानात जाण्याआधी आपल्या विजेला नेमका कोणता आजार आहे ते ओळखावं. वीज ‘खराब’ आहे एवढं म्हणून भागत नाही. ती वारंवार जाते का? संध्याकाळी खाली बसते का? मध्यरात्री, सगळ्यांचा वापर थांबल्यावर, वर चढते का? या तीन तक्रारींची औषधं तीन. प्लगमध्ये लावायचा साधा डिजिटल व्होल्टमीटर आणा आणि आठवडाभर दुपार, संध्याकाळ, रात्र असे आकडे वहीत लिहा. घरातलं एखादं जड उपकरण, गिझर किंवा इस्त्री, त्याच सर्किटवर चालू करून आकडा किती पडतो तेही पाहा. बाहेर २२५ आणि आपल्या खोलीत भार टाकताच २०० दिसत असेल, तर दोष बहुधा घरातल्या वायरिंगचा आहे. तिथे कोणत्याही कंपनीचा एसी आणला तरी उपयोग नाही, आधी वायर बदलायला हवी.

वायरीचा मुद्दा इन्व्हर्टर एसीत अधिक महत्त्वाचा का, त्याचं गणित सोपं आहे. या एसीला थंडाव्यासाठी ठरावीक शक्ती लागते आणि व्होल्टेज कमी पडलं तर तो जास्त करंट ओढून ती भरून काढतो. १५०० वॉटसाठी २३० व्होल्टला साधारण ६.५ अँपिअर पुरतात, १६० व्होल्टला ९.४ लागतात. वायर तापते ती करंटच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे इथे दुपटीहून जास्त. करंट फारच वाढू लागला की एसी स्वतःच वेग कमी करतो. १३० व्होल्टला चालतो असं खोक्यावर लिहिलेलं खरं असतं, पण त्या व्होल्टेजला तो पूर्ण थंडावा देईल असं कुणी लिहिलेलं नसतं.

‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ हे वाक्यही असंच नीट वाचावं लागतं. त्याचा अर्थ एवढाच की दिलेल्या पल्ल्यात, समजा १४५ ते २८५ व्होल्ट, यंत्र काम करेल. पल्ल्याबाहेर ते वाचेल का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि वॉरंटीच्या बारीक अक्षरांत व्होल्टेजमुळे झालेलं नुकसान वगळलेलं आहे का, ते पैसे देण्याआधीच पाहावं. तुमच्या वहीतले आकडे त्या पल्ल्यात आरामात बसत असतील तर स्टॅबिलायझर खरोखर नको. रात्री व्होल्टेज वरच्या टोकाला टेकत असेल, किंवा परिसरात न्यूट्रलचा त्रास होऊन गेला असेल, तर चढलेल्या व्होल्टेजला पुरवठा तोडणारं उपकरण हवंच. हे काम चांगला स्टॅबिलायझर करतो, आणि नुसतं कमी-जास्त व्होल्टेजला लाइन कापणारं छोटं संरक्षकही करतं. माझ्या मते बहुतेक घरांना हे छोटं संरक्षकच पुरेसं आहे. स्टॅबिलायझर व्होल्टेज वाढवतो तेव्हा जादा वीज निर्माण करत नाही, तेवढाच जास्त करंट तो खांबाकडून ओढतो. दुबळ्या वायरीवरचा ताण त्याने हलका होत नाही. घ्यायचाच असेल तर एसीच्या पट्टीवर लिहिलेल्या कमाल करंटवरून मोजून घ्या, केवळ टनावरून नको.

टनाचंही थोडं बोलू. एक टन म्हणजे ३.५ किलोवॉट थंडावा. सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, त्यावरून हे माप आलं. लेबलवरची क्षमता साधारणपणे बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते, चाळिशीपुढे ती घटते. वीज तुकड्यातुकड्यांनी मिळणाऱ्या घरात किंचित मोठी क्षमता मला योग्य वाटते, कारण मिळालेल्या वेळात खोली लवकर गार करायची असते. फक्त एक आकडा विचारून घ्यावा, तो म्हणजे किमान क्षमता. एसी किती संथ उतरू शकतो हे त्यावरून कळतं. कॉम्प्रेसर पुरेसा संथ होत नसेल तर मोठा एसी छोट्या खोलीत जुन्या एसीसारखाच बंद-चालू होत राहतो.

हाच किमान आकडा बॅटरीवर एसी चालवायचं मनात असलेल्यांसाठी निर्णायक आहे. दीड टनाचा चांगला इन्व्हर्टर एसी खोली गार झाल्यावर ५००-६०० वॉटवर उतरू शकतो. काही एसींत क्षमता ४० किंवा ६० टक्क्यांवर बांधून ठेवायची सोय असते, ती इथे फार कामाची. सुरुवातीचा धक्का नसल्याने जनरेटरही लहान चालतो. पण बॅटरीचा हिशोब करा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीत कागदावर १.८ युनिट वीज असते. ६०० वॉटसाठी तिच्यातून सुमारे ५७ अँपिअर ओढावे लागतात. तिची क्षमता मोजलेली असते दहा-वीस तासांच्या सावकाश वापरावर, इतक्या घाईने उपसली तर ती बरीच कमी देते. शिवाय दीर्घायुष्यासाठी ती निम्म्याखाली उतरवू नये. हाती येतो जेमतेम एक तास. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हे काम पुष्कळ बरं करते. घरचा इन्व्हर्टर मात्र शुद्ध साइन वेव्हचाच, म्हणजे गुळगुळीत लाटेची वीज देणारा, हवा आणि कमाल भार पेलणारा हवा, पंखे-दिव्यांसाठी घेतलेला छोटा इन्व्हर्टर यात पडूच शकत नाही.

वीज परत आल्यावर एसी तीनेक मिनिटं गप्प बसतो, तेव्हा बिघाड झाला असं समजून बटणं दाबत बसू नये. कॉम्प्रेसर थांबल्यावर एका बाजूला गॅसचा दाब चढलेला आणि दुसरीकडे उतरलेला असतो, तो समान व्हायला हा वेळ मुद्दाम ठेवलेला आहे. आणि बाहेरचं युनिट उन्हात, कोंदट कोपऱ्यात लावू नये. त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला अंदाजे निम्मं होतं. पीसीबी तुमच्या भागात किती दिवसांत मिळते, दुरुस्त करणारा हाताशी आहे का, हे एका ताऱ्याच्या फरकापेक्षा जास्त मोलाचं आहे.

राहिली खोली. चार मीटर लांब, चार रुंद, तीन उंच खोलीतली सगळी हवा साधारण ५८ किलो भरते. ती १० अंशांनी गार करायला दीड टनाच्या एसीला दोन मिनिटंही लागू नयेत. प्रत्यक्षात तास जातो, कारण डोक्यावरचा १२ सेंटिमीटरचा काँक्रीट स्लॅब एकटाच साडेचार टनांहून जड आहे आणि एका अंशामागे हवेच्या सत्तर पट उष्णता धरून ठेवतो. वीज जाताच खोली पुन्हा तापते ती दाराच्या फटीतून तेवढी नाही, जेवढी या स्लॅबमधून. म्हणून गच्चीला उष्णतारोधक थर, निदान पांढरा रंग, हा भारनियमनाच्या घरात एसीइतकाच महत्त्वाचा खर्च आहे. वीज जाण्याची वेळ ठरलेली असेल तर तासभर आधी एसी दोन अंश खाली लावून ठेवा. तेवढ्यात भिंती, गादी, कपाटं आणि स्लॅबचा खालचा थर थोडे निवतात. वीज गेली की दारं-पडदे बंद ठेवून बॅटरीवर तीस वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावा. ज्या बॅटरीवर एसी एक तास चालला असता, तिच्यावर तो सारी रात्र फिरतो.