कॅरेक्टर सेट वेगळा, ट्रान्सफर एन्कोडिंग वेगळं

ईमेल उघडल्यावर अगम्य चिन्हं दिसली की सगळे ‘एन्कोडिंग बिघडलंय’ म्हणून मोकळे होतात. पण कुठलं? ईमेलमध्ये दोन एन्कोडिंग असतात. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे ठरवतो कॅरेक्टर सेट. ट्रान्सफर एन्कोडिंगला अक्षरांशी देणंघेणं नाही. बाइट (म्हणजे आठ बिटांचे, आठ 0-1 चे आकडे) वाटेत न बिघडता पोचावेत एवढंच ते बघतं.

त्याची गरज पडली, कारण ईमेल पोचवण्याच्या 1982 च्या एसएमटीपी नियमांत मजकूर 7 बिटांचा आस्की (इंग्रजीपुरता कॅरेक्टर सेट) असणार हे गृहीतच होतं. आठवा बिट शून्य करून पाठवायचा. इंग्रजीचं काहीच अडलं नाही, बाकीच्यांची पंचाईत झाली.

‘क’ घ्या. यूटीएफ-8 या कॅरेक्टर सेटमध्ये त्याचे बाइट 224, 164, 149. प्रत्येकाचा आठवा बिट उडवला, म्हणजे 128 वजा केले, तर उरतात 96, 36 आणि 21; त्यातून ‘क’ ओळखणार कसा? (केओआय-8 या रशियन कॅरेक्टर सेटची आखणी मात्र भलतीच हुशारीची: आठवा बिट गेला तरी त्याच उच्चाराची रोमन अक्षरं उरतात, फक्त लहान-मोठी उलटतात.) 1992 मध्ये माइम हे ईमेलचे वाढीव नियम आले आणि रस्ता निघाला. त्यात ट्रान्सफर एन्कोडिंगच्या दोन पद्धती आहेत. बेस64 ही पद्धत ‘क’च्या तीन बाइटांचे 24 बिट सहा-सहाच्या गटांत तोडून चार साधी चिन्हं करतं. कोटेड-प्रिंटेबल दर बाइटला बरोबरचं चिन्ह (=) आणि दोन हेक्स (सोळाच्या पायाचे) अंक लिहितं, म्हणजे एकट्या ‘क’ची नऊ चिन्हं! अधूनमधूनच वेगळं अक्षर येणाऱ्या फ्रेंचला ते परवडतं, मराठीला बेस64 च बरं.

बिघाड कुठला, हे मजकूरच सांगतो. बरोबरच्या (=) चिन्हांचा सडा पडलाय? मग ट्रान्सफर एन्कोडिंग उलगडायचं राहिलंय. बाइट शाबूत आहेत, उलगडलं की काम झालं. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ (à) सारखा सारखा दिसतोय? मग उलगडणं नीट झालंय, पण यूटीएफ-8 मधली देवनागरी पश्चिम युरोपीय कॅरेक्टर सेटने वाचली जातेय. देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट 224 च असतो आणि त्या सेटमध्ये 224 म्हणजे तो ‘ए’. हेडरमधलं, म्हणजे ईमेलच्या वरच्या माहितीच्या ओळींमधलं, कॅरेक्टर सेटचं नाव तपासा.

नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर बहुधा वाटेत कुणीतरी मजकूर ती अक्षरंच नसलेल्या सेटमध्ये बदललाय. ते परत येत नाही. पाठवणाऱ्याकडूनच पुन्हा मागवा.