व्हील कॅप आणि व्हील कव्हर: जुन्या गाडीवर नेमकं काय सरकतंय?

जुन्या गाडीची व्हील कॅप सरकते असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, मधली छोटी कॅप की चाकभर बसणारं कव्हर? बाजारात दोन्ही एकाच नावाने मागितली जातात आणि सल्लाही एकच मिळतो. खरं तर एकीचं सरकणं निरुपद्रवी असतं, दुसऱ्याचं गाडी रस्त्यात उभी करू शकतं.

पद्मिनी, अॅम्बॅसेडरवर दिसते ती चकचकीत क्रोमची छोटी कॅप. ती चाकाच्या मधल्या भागावर क्लिपांच्या किंवा उंचवट्यांच्या आधाराने बसते. हवेचा व्हॉल्व्ह तिच्यापासून लांब असतो, त्यामुळे फिरली तर फार तर चिन्ह तिरकं दिसेल. तिची खरी भीती निखळून पडण्याची. क्लिपा गंजल्या असतील तर घासून घ्या, ताण गेला असेल तर बदला. बसवताना कडेने ठोका. मधे ठोकली तर पोचा येतो.

पूर्ण कव्हर रिमच्या आतल्या कडेला धरून राहतं. पत्र्याच्या कव्हरला स्प्रिंगसारखे दात असतात, प्लॅस्टिकच्या कव्हरला क्लिपा आणि तारेची रिंग. व्हॉल्व्ह त्याच्या खाचेतून बाहेर येतो. कव्हर फिरलं की खाचेची कड रबरी व्हॉल्व्हवर दाबते, घासते आणि शेवटी कापते. पत्र्याचं कव्हर याबाबतीत जास्त घातक.

कव्हर का फिरतं? ब्रेक लागल्यावर चाकाचा वेग उतरतो, कव्हर मात्र त्याच वेगाने पुढे जाऊ पाहतं. पकड ढिली असली की सरकतं. शिवाय वळणावर रिम किंचित लवते आणि कव्हर कणाकणाने जागा सोडतं. जुन्या रिम नायलॉन टायरांच्या काळातल्या. त्यांवर आजचे रेडियल टायर चढवले की लवणं वाढतं आणि आधी न फिरणारं कव्हर फिरू लागतं. रिमला नवा गुळगुळीत रंग दिल्यावरही असं होतं.

दुरुस्तीआधी खडूची एक रेघ मारा: कव्हरवरून रिमवर, रिमवरून टायरवर. थोडी गाडी चालवून पाहा. कव्हर आणि रिममधे रेघ तुटली तर कव्हर सरकतंय. रिम आणि टायरमधे तुटली तर टायरच रिमवर सरकतोय. तो ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व्ह वाकडा होतो. लोक उगाच कव्हरला दोष देतात. तिथे पहिल्यांदा हवेचा दाब तपासायचा.

कव्हरच सरकत असेल तर रिमची आतली कड गंज आणि ग्रीस काढून कोरडी करा. पत्र्याचे दात पकडीने किंचित बाहेर वाकवा, सगळे सारखे, नाहीतर कव्हर एका बाजूने उचकतं. प्लॅस्टिकच्या कव्हरमधे तारेचा वळसा व्हॉल्व्हच्या खाचेशीच हवा. मापही पाहा: मारुती ८०० चं चाक १२ इंचांचं, त्यावर १३ चं कव्हर दाबून बसवू नका.

एवढं करूनही प्लॅस्टिकचं कव्हर फिरलं तर त्याच्या आणि चाकाच्या भोकांतून दोन-तीन केबल टाय (प्लॅस्टिकच्या आवळपट्ट्या) आवळा आणि शेपट्या कापा. चाक हाताने फिरवून टाय ब्रेकला कुठे लागत नाहीत ना, हे बघा. गोंद किंवा सिलिकॉन मात्र नको, कारण पंक्चर झाल्यावर कव्हर निघायला हवं. डिकीत एक पकड आणि जास्तीचे टाय ठेवा. चाक काढताना आधीचे कापावेच लागतात.