पोटातले जिवाणू आणि वाढतं वजन: आमच्या गिरणीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दळणाला आलेली मंडळी हल्ली आम्हाला विचारतात, "पोटातले जिवाणू सुधारले की वजन उतरतं म्हणे. त्यासाठी एखादं पीठ आहे का?" असं पीठ नसतं. आमच्याकडं नाही आणि दुसऱ्या कुणाकडंही नाही. पण यातलं खरं किती हे तुम्हाला कळावं, म्हणून हा कागद छापला आहे.

आपल्या अंगात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात. आपल्या स्वतःच्या पेशी मोजल्या तर त्याही साधारण तेवढ्याच भरतात. यातले बहुतेक जिवाणू मोठ्या आतड्यात राहतात. भात, साखर, तूप यांचा बराचसा भाग लहान आतड्यातच पचून रक्तात जातो, त्यामुळं खाली मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो तो मुख्यतः चोथा, म्हणजेच फायबर. चोथा आपल्याला पचत नाही, जिवाणूंना पचतो. ते तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी या ब्युटिरेटवरच मुख्यतः जगतात. हीच आम्लं आतड्यातल्या काही पेशींना जीएलपी-1 सोडायला लावतात. वजनाच्या इंजेक्शनांमुळं जे नाव सध्या कानावर येतं, तेच हे संप्रेरक. पोट भरल्याची जाणीव आणि इन्सुलिन, दोन्हींशी त्याचा संबंध आहे.

चोथा मिळाला नाही तर काही जिवाणू आतड्यावरचा चिकट थरच खायला लागतात, असं उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. हा थर म्हणजे आतड्याचं संरक्षण. तो विरळ झाला की नको ते अंश रक्ताच्या बाजूला झिरपू शकतात, अंगात बारीक दाह राहू शकतो आणि इन्सुलिनला दाद मिळेनाशी होऊ शकते.

जिवाणूंचा वजनाशी संबंध आहे हे कळलं कसं? अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेनं जन्मापासून एकही जिवाणू नसलेले उंदीर वाढवले. 2004 मध्ये त्यांना साध्या उंदरांचे जिवाणू दिले. दोन आठवड्यांत त्यांच्या अंगातली चरबी सुमारे 60 टक्के वाढली, आणि खाणं तर उलट कमी झालं होतं. पण आम्हाला त्याहून मोलाचा वाटतो तो 2013 चा प्रयोग. जुळ्या बहिणींच्या अशा जोड्या घेतल्या, ज्यांत एक लठ्ठ आणि एक सडपातळ. त्यांचे जिवाणू वेगवेगळ्या उंदरांना दिले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांवर जास्त चरबी चढली. मग दोन्हीकडचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले, तेव्हा सडपातळ बहिणीकडचे जिवाणू लठ्ठ बाजूच्या उंदरांत शिरले आणि चरबी चढायची थांबली. मात्र हे घडलं ते खाण्यात चोथा भरपूर आणि चरबी कमी होती तेव्हाच. तुपकट, बिनचोथ्याच्या खाण्यावर चांगले जिवाणू शेजारी असूनही रुजले नाहीत.

माणसांत इतकं सरळ नाही. 2012 मध्ये नेदरलँड्समध्ये सडपातळ लोकांचे आतड्यातले जिवाणू लठ्ठ पुरुषांना दिले, तेव्हा सहा आठवड्यांत इन्सुलिनचं काम सुधारलं, वजन मात्र उतरलं नाही. म्हणून जिवाणूंच्या महागड्या कॅप्सूलच्या जाहिरातींना भुलू नका. दही-ताक जरूर घ्या, पण त्यातले जिवाणूही बहुतेक पाहुणेच असतात, मुक्काम करत नाहीत.

मग घरी काय करायचं? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज किमान 25 ग्रॅम चोथा सांगते. 100 ग्रॅम ज्वारीत तो सुमारे 10 ग्रॅम असतो, मटकीत 15 च्या आसपास, मैद्यात 3 सुद्धा नाही. म्हणजे आपल्या मिसळीतली मटकी उत्तम, अडचण आहे ती सोबतच्या चार स्लाईस ब्रेडची. एखादी स्लाईस घ्या आणि मटकी वाढवून मागा. तांबड्या-पांढऱ्याच्या दिवशीही सोबत भाकरी आणि कांदा-काकडी असू द्या. रेणुकेच्या नैवेद्याच्या आंबील-घुगऱ्या फक्त यात्रेपुरत्या कशाला ठेवायच्या? घुगऱ्या आठवड्यातून दोनदा सहज होतात. हुलगे, वरणा, पावटा आलटून पालटून शिजवा, कारण जिवाणूंनाही एकच एक खाणं पुरत नाही.

हे सगळं एकदम सुरू केलं तर पोट फुगतं, गॅस होतो. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि पाणी जास्त प्या. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. अँटिबायोटिकनं चांगले जिवाणूही मरतात, तेव्हा ती मनानं घेऊ नका. डॉक्टरांनी दिली तर मात्र कोर्स पुरा करा.

दळणाचं म्हणाल तर गव्हाचं पीठ चाळून कोंडा टाकू नका. मिश्र दळण हवं असेल तर शाळू, नाचणी, हरभरा वेगवेगळ्या पिशव्यांत आणा, प्रमाण ठरवून इथंच मिसळून देऊ. बाजरी मात्र आठवड्यापुरतीच दळून न्या, तिचं पीठ लवकर कडू होतं.