स्वस्त इलेक्ट्रिक गिटार पारखताना

इलेक्ट्रिक गिटार घ्यायला गेले की दुकानात बहुतेक बोलणे लाकूड, रंग आणि वाद्याच्या माथ्यावर छापलेले नाव यांविषयीच होते. दहा-पंधरा हजार रुपयांच्या वाद्यात मात्र या तिन्ही गोष्टी दुय्यम ठरतात. अशी गिटार सुरात वाजेल की नाही, हे तारेची लांबी, फ्रेटच्या (नेकवर, म्हणजे गिटारच्या लांब दांडीवर, आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या) जागा आणि फ्रेटपासून तारेची उंची यांवर ठरते. म्हणजे हा मुख्यतः भूमितीचा प्रश्न आहे आणि तो तपासायला डोळे, मोबाइलमधले ट्यूनर अॅप आणि थोडी सवड पुरते.

साध्या अकूस्टिक गिटारमध्ये तारेचे कंपन ब्रिजमार्गे, म्हणजे देहावर तारा जिथे टेकतात त्या भागातून, वरच्या पातळ फळीत उतरते आणि ती फळी हवा हलवते. तिथे लाकूड हाच आवाजाचा उगम असतो. इलेक्ट्रिक गिटारचा देह बहुधा भरीव असतो आणि आवाजाचा उगम तारांखालच्या पिकअपमध्ये असतो. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. चुंबकासमोर पोलादी तार थरथरली की वेढ्यांमधून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्यातून क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेले हे तत्त्व जॉर्ज बोशांप यांनी अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला गिटारवर यशस्वीपणे उतरवले आणि १९३७ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. लाकडामुळे आवाजात किती फरक पडतो, यावर वादक आजही तावातावाने भांडतात. माझ्या मते या किमतीच्या वाद्यात तो वाद सोडून द्यावा, कारण पिकअप ब्रिजजवळचा आहे की नेकजवळचा, एवढ्यानेच त्याहून कितीतरी मोठा फरक पडतो. ब्रिजपाशी मूळ स्वराचे आंदोलन लहान असते, त्यामुळे वरचे उपस्वर तुलनेने ठळक ऐकू येतात आणि आवाज धारदार लागतो. नेककडे तोच आवाज गोल होतो.

आता फ्रेटकडे वळू. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात आणि वादक ते गरजेप्रमाणे सरकवतो. गिटारचे फ्रेट मात्र लाकडात ठोकून बसवलेले असतात, त्यामुळे कारखान्यात झालेली चूक कायमची राहते. बऱ्याच इलेक्ट्रिक गिटारमध्ये नट (नेकच्या माथ्याकडच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज ही तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असते. प्रत्येक फ्रेटला ही लांबी सुमारे १.०५९५ ने भागली जाते आणि अशा बारा पायऱ्यांनंतर ती निम्मी, ३२४ मिलिमीटर, होऊन वरचा षड्ज मिळतो. फ्रेट एक मिलिमीटर चुकला, तर पहिल्या फ्रेटवर सुमारे तीन सेंटचा फरक पडतो, बाराव्यावर पाचांहून थोडा अधिक आणि विसाव्यावर साडेआठ. एक सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. सुदैवाने आता फ्रेटच्या खाचा संगणकनियंत्रित यंत्रे पाडतात, त्यामुळे स्वस्त वाद्यातही ही चूक क्वचितच आढळते.

तरीही नवी स्वस्त गिटार बेसूर वाजते, ती दुसऱ्या कारणाने. बोटाने तार फ्रेटवर दाबली की ती किंचित ताणली जाते आणि तिचा स्वर चढतो. तार जितकी उंच, तितका हा ताण अधिक. त्याची भरपाई म्हणून ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तार ज्यावर टेकते तो छोटा तुकडा, थोडे मागे सरकवून तार किंचित लांब ठेवतात. तपासण्यासाठी बाराव्या फ्रेटच्या नेमके वर तारेला बोट नुसते टेकवून हार्मोनिक वाजवावा, मग त्याच फ्रेटवर तार दाबून वाजवावी आणि ट्यूनरवर दोन्ही स्वर ताडून पाहावेत. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे घ्यावे. हे काम स्क्रू-ड्रायव्हरने होते, त्यामुळे एवढ्या कारणासाठी गिटार नाकारू नये. तारा जुन्या, गंजलेल्या असतील तर मात्र ही तपासणी फसवी ठरते.

बाराव्या फ्रेटवर सूर जुळतो आणि पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवरचे कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) कानाला खुपतात, असे झाले तर संशय नटवर घ्यावा. स्वस्त वाद्यांत हा दोष फार सापडतो, कारण नटच्या खाचा पुरेशा खोल कोरायला हात आणि वेळ लागतो. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबावी. पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली जेमतेम केसाएवढी फट दिसली पाहिजे. फट मोठी असेल तर कारागीर खाच घासून देतो. खाच आधीच जास्त खोल असेल तर नट बदलावा लागतो.

नेकची तपासणी सर्वांत महत्त्वाची. सहा तारा मिळून नेकवर साधारण ४५ किलो वजनाइतका ताण टाकतात आणि तो तोलण्यासाठी नेकमध्ये पोलादी ट्रस रॉड असतो. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबली की ती स्वतःच सरळ पट्टीचे काम करते. सातव्या-आठव्या फ्रेटवर पाव मिलिमीटरच्या आसपास फट असावी. फट कमी-जास्त असेल तर रॉड थोडा फिरवून ती सुधारते. नेकला पीळ पडला असेल, म्हणजे देहाकडून नजर टाकल्यावर फ्रेटच्या रेषा एकमेकींना समांतर दिसत नसतील, तर रॉडचा उपयोग नाही आणि ते वाद्य परत ठेवावे. तारेची खरखर सगळीकडे येत असेल तर उंची वाढवून ती बहुधा जाते. एखाद्याच ठिकाणी येत असेल तर पुढचा फ्रेट उंच बसला आहे आणि तो घासून सारखा करण्याचा खर्च किमतीत धरावा लागतो. नेकच्या कडेवरून हात फिरवताना फ्रेटची टोके बोचली, तर कोरड्या हवेत लाकूड रुंदीत आक्रसले आहे असे समजावे. कोकणातल्या पावसाळ्यात घेतलेले वाद्य मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा त्रास देऊ शकते.

विजेचा भाग तुलनेने सोपा आहे. एका वेटोळ्याचा पिकअप घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण पकडतोच. तो दोष नव्हे. उलट दिशेने जोडलेली दोन वेटोळी वापरून ही गुणगुण घालवण्याची युक्ती सेथ लव्हर यांनी गिब्सन या गिटार कंपनीसाठी १९५० च्या दशकात केली, आणि तसे हंबकर पिकअप आता स्वस्त गिटारवरही मिळतात. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर जोडणी ठीक आहे. वाढली तर अर्थिंग तपासावे, आणि अॅम्पची (आवाज मोठा करणाऱ्या यंत्राची) तीन टोकांची पिन तोडून वापरण्याच्या फंदात मुळीच पडू नये.

एकाच मॉडेलच्या दोन नगांमध्येही नटचे आणि फ्रेटचे काम सारखे नसते, म्हणून दुकानात दुसरा नग मागून पाहावा. ऑनलाइन मागवल्यास परतीची मुदत संपण्याआधी या सगळ्या चाचण्या उरकाव्यात.