‘करावा’ आणि ‘करतात’

शाळेत धर्म असावा की नसावा, हा वाद निघाला की दहा मिनिटांत दोन्हीकडची मंडळी वेगवेगळ्याच गोष्टींवर भांडायला लागतात. एक जण धर्म शिकवण्याबद्दल बोलत असतो, दुसरा धर्माविषयी शिकवण्याबद्दल. हे ऐकून ऐकून मी कंटाळले.

पहिला प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा: वेदपाठशाळा, मकतब, चर्चमधला रविवारचा वर्ग, तिन्हीसांजेला आजीने म्हणून घेतलेली रामरक्षा. मूल आपल्यातलं व्हावं, हा हेतू. (कॉन्व्हेंट म्हणजे धर्मशिक्षणच असं नाही. अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क घटनेचं कलम 30 देतं, तो विषय निराळा.)

खरा घोळ पुढे आहे. लोकांना वाटतं फरक पुस्तकात असतो: वर्गात गीता आली की धर्मशिक्षण, बुद्धाचा धडा आला की नुसती माहिती. चूक. फरक क्रियापदात असतो. माझ्या भाचीला शाळेत प्रश्न होता, ‘उपवास का करावा? तीन कारणे लिहा.’ तिने लिहिलं, ‘मला भूक लागते म्हणून मी करत नाही.’ शून्य गुण. हाच प्रश्न ‘लोक उपवास का करतात?’ असा विचारला असता, तर एकादशी, रोजा, पर्युषण सगळं आलं असतं आणि नास्तिकाच्या मुलालाही खोटं न बोलता पूर्ण गुण मिळाले असते. गीतेचंही तेच. ‘अर्जुनाची शंका काय होती?’ हे शिक्षण. ‘गीतेप्रमाणे आपण कसे वागावे?’ ही दीक्षा. ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलाला गुण मिळू शकतात का, एवढंच मी बघते. आणि समाजाचं म्हणाल, तर शेजारच्या बाकावरचा मुलगा रमजानमध्ये डबा का उघडत नाही हे कळलेलं पोर त्याला जरा कमी चिडवतं.

घटनेने ही रेघ ओढून ठेवली आहे. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत कलम 28 धर्मशिक्षणाला मनाई करतं, आणि धर्मांविषयीचं शिक्षण त्या मनाईत येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये अरुणा रॉय खटल्यात म्हटलं. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत संमतीशिवाय धर्माचे धडे देता येत नाहीत, पण अल्पवयीन मुलाच्या बाबतीत संमती पालकांची. डोकं मुलाचं, सही बाबांची! शिवाय वेळापत्रकात ‘मूल्यशिक्षण’ लिहिलं की त्या तासाला काय चालतं हे कोणी विचारत नाही. त्या शब्दाचा मला मनस्वी राग आहे.

मात्र धर्म शिकला की डोकं बंद पडतं, हेही मला पटत नाही. संस्कृत पंडित लक्ष्मणशास्त्री जोशी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शास्त्रं शिकले. पुढे अस्पृश्यतेविरुद्ध त्यांनी शास्त्राधारच उभे केले आणि नंतर निरीश्वरवादी विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचाराकडे वळले. शास्त्राच्या पठडीत पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, आधी नीट मांडावा लागतो, मगच खंडन. उलट धर्माविषयीचा धडाही किती मुर्दाड असू शकतो! जोड्या लावा: महावीर, जैन, झरथुष्ट्र, पारशी. प्रत्येकी अर्धा गुण.