स्पेक्ट्रम लिलाव: अर्ज कोण करू शकतं, कागदपत्रं कोणती, आणि नागपूरच्या रिचार्जशी त्याचा काय संबंध

नागपूरसाठी स्पेक्ट्रमचा, म्हणजे मोबाइल सेवेसाठी लागणाऱ्या रेडिओ लहरींचा, वेगळा लिलाव होत नाही. देशात २२ परवाना क्षेत्रं, म्हणजे सर्कल, आहेत. मुंबईचं सर्कल वेगळं; नागपूर ‘महाराष्ट्र’ सर्कलमध्ये येतं, त्यात गोवाही आहे. या सर्कलची बोली जिंकली की सीताबर्डीपासून भामरागडपर्यंत त्याच लहरी वापरायचा हक्क कंपनीला मिळतो.

राखीव किंमत, म्हणजे बोलीची किमान रक्कम, ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण) सुचवते, सरकार ती ठरवतं आणि मग दूरसंचार विभाग अर्ज मागवतो. २०२४ची सूचना ८ मार्चला निघाली होती.

अर्ज करता येतो तो मोबाइल सेवेचा परवाना असलेल्या कंपनीला, किंवा तो मिळवण्याच्या अटी पूर्ण करणाऱ्या कंपनीला. नव्या कंपनीचं नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरणारी रक्कम) प्रत्येक सर्कलमागे १०० कोटी रुपये लागतं. जम्मू-काश्मीर आणि ईशान्येत ५० कोटी. सोबत कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र, भागधारकांचा तपशील, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र आणि नक्त मूल्याचा दाखला. अर्जदारांच्या मालकीचा तपशील विभाग जाहीर करतो. एकाच गटाने दोन नावांनी उतरू नये, यासाठी हे फार गरजेचं आहे.

बयाणा रक्कम, म्हणजे लिलावाआधी भरायची अनामत, नीट समजून घ्यावी. जितका बयाणा, तितक्याच स्पेक्ट्रमवर बोली लावता येते. २०२४मध्ये जिओने ३,००० कोटी भरले, एअरटेलने १,०५० आणि व्हीआयने (व्होडाफोन आयडिया) ३०० कोटी. प्रत्यक्षात जिओने घेतला जेमतेम ९७३ कोटींचा स्पेक्ट्रम. त्यामुळे बयाण्याचा आकडा पाहून खरेदीचा अंदाज बांधू नये.

लिलाव ऑनलाइन, फेऱ्याफेऱ्यांनी चालतो. हक्क २० वर्षांचा असतो, पैसे वार्षिक हप्त्यांत देता येतात.

आता दरांचं. २०२२च्या लिलावात १,५०,१७३ कोटींच्या बोली लागल्या. जून २०२४मध्ये फक्त ११,३४० कोटींच्या. तरी ३ जुलैपासून जिओचा २३९चा प्लॅन २९९ झाला आणि बाकीच्या दोघांनीही दर वाढवले. लिलाव महागला म्हणून रिचार्ज महागला, हे गणित इथे जुळत नाही. जुन्या हप्त्यांचा बोजा आहेच, पण माझ्या मते मोठं कारण म्हणजे २०२४च्या लिलावात उतरल्या तीनच कंपन्या. ग्राहकासाठीही खासगी पर्याय तेवढेच, चौथी सरकारी बीएसएनएल. शिवाय मोबाइलचे दर ट्राय ठरवून देत नाही. कंपन्या ठरवतात आणि ट्रायला कळवतात.

आपल्या हातात पोर्टिंग आहे, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावेत. इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून १९०० वर एसएमएस करा. येणारा कोड आपल्याकडे चार दिवस चालतो. तो आणि आधार किंवा दुसरं ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. प्रीपेडची शिल्लक सोबत येत नाही, तेव्हा ती संपत आल्यावरच अर्ज करा. पोस्टपेडचं बिल आधी भरा, थकबाकी असली तर कोडच मिळत नाही.