फिकट जांभळा: डोळ्याने घडवलेला रंग

‘लव्हेंडर’ हा फिकट जांभळा रंग दाखवायला सांगितला की संगणक पडद्याला तीन आकडे पाठवतो: लाल २३०, हिरवा २३०, निळा २५०. मोजपट्टी ० ते २५५ ची. या आकड्यांकडे जरा नीट पाहा. लाल आणि हिरवा समसमान, निळा किंचित वरचढ. म्हणजे हिशेबाने हा निव्वळ पांढुरका निळा आहे. जांभळ्यासाठी लाल हा हिरव्यापेक्षा जास्त हवा, आणि इथे तो तसूभरही जास्त नाही. तरी डोळ्याला लव्हेंडर जांभळटच दिसतो.

हा पडद्याचा दोष नाही, आपल्या दृष्टीचा गुण आहे. एखाद्या शुद्ध रंगात पांढरा प्रकाश मिसळत गेलो, तर तो नुसता फिका होत नाही, त्याची छटाही सरकते. निळा सरकतो जांभळ्याकडे. सर विल्यम ॲब्नी या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ही गोष्ट नोंदवली, म्हणून तिला ॲब्नी परिणाम म्हणतात. निळ्या बोधचिन्हाची फिकट आवृत्ती करताना ती जांभळी दिसायला लागली, हा अनुभव अनेक डिझायनरांना येतो, त्याचे कारण हेच. उपाय सोपा आहे: फिकट निळा हवा असेल तर हिरवा थोडा वाढवायचा.

खुद्द जांभळ्याची गोष्टही विलक्षण आहे. इंद्रधनुष्याच्या कडेला दिसणारा जांभळा म्हणजे साधारण ४०० ते ४३० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश. पडद्यावरचा सर्वांत आखूड तरंगलांबीचा प्रकाश मात्र ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा असतो. मग पडदा जांभळा दाखवतो कसा? लाल आणि निळा एकत्र देऊन. वर्णपटाची ही दोन विरुद्ध टोके एकदम डोळ्यात शिरली आणि मधला हिरवा भाग कमी पडला, की मेंदू ‘जांभळा’ असा निवाडा देतो. लाल-निळ्याच्या या मिश्रणाला स्वतःची एक अशी तरंगलांबी नाहीच. न्यूटनने १७०४ च्या आपल्या ग्रंथात वर्णपटाची टोके जोडून रंगचक्र काढले, त्यात टोके जिथे जुळतात तिथेच हे जांभळे बसतात. मला या रंगाचे सर्वांत मोठे आकर्षण वाटते ते इथे.

आता अर्थाकडे येऊ. ‘जांभळा म्हणजे राजेशाही’ ही समजूत किमतीतून आली. प्राचीन काळी हा रंग भूमध्य समुद्रातल्या गोगलगायींपासून काढत. पाउल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये १२,००० गोगलगायींपासून रंगद्रव्य मिळवले, ते भरले जेमतेम १.४ ग्रॅम. अशी वस्तू सामान्यांच्या अंगावर कुठून येणार!

चित्र पालटले ते १८५६ मध्ये. लंडनमध्ये १८ वर्षांचा विल्यम पर्किन घरच्या प्रयोगशाळेत क्विनाइन हे मलेरियावरचे औषध तयार करायची खटपट करत होता. हाती लागला काळा गाळ. तो अल्कोहोलमध्ये विरघळवल्यावर सुंदर जांभळे द्रावण झाले, आणि रेशमावर तो रंग चढलाही. हाच ‘मॉव्ह’, कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार झालेला पहिला कृत्रिम सेंद्रिय (कार्बनयुक्त) रंग. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने मुलीच्या लग्नात या छटेचा पोशाख घातला आणि फॅशनची लाट आली. त्याच काळातल्या इंग्लंडमध्ये दुखवट्याच्या अखेरच्या टप्प्यात, काळे कपडे उतरवल्यावर, स्त्रिया फिकट जांभळे वापरत. एकाच रंगाला एका पिढीत लग्न आणि शोक दोन्ही चिकटले. तेव्हा ‘हा रंग अमुकच भावना जागवतो’ असे ठामपणे सांगणाऱ्या तक्त्यांवर माझा विश्वास बसत नाही. फिकट जांभळा शांत वाटतो हे खरे, पण ते श्रेय बरेचसे फिकेपणाचे आहे. फिकट हिरवा आणि फिकट निळाही तसेच शांत वाटतात.

वापरताना मात्र हा रंग कसोटी पाहतो. लव्हेंडर पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ठेवली, तर उजळपणातले गुणोत्तर भरते जेमतेम १.२३ : १. नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी वेब-सुलभतेच्या मानकांना किमान ४.५ : १ लागते. काळी अक्षरे घेतली तर तेच गुणोत्तर १७ च्या घरात जाते, आणि गडद जांभळी (७५, ०, १३०) घेतली तरी दहाच्या वर राहते. ही गडद जांभळी जोडी मला काळ्यापेक्षा सरस वाटते. वाचायला सोपी, शिवाय रंगाचे कुळ एकच.

शेजारी कोण आहे, यावरही बरेच अवलंबून असते. पिवळ्यालगत फिकट जांभळा उठून दिसतो, भडक जांभळ्यालगत तोच राखाडी होतो. भिंतीला द्यायचा असेल तर नमुना रात्री, खोलीतल्याच दिव्याखाली पाहावा. पिवळसर दिव्यात निळा प्रकाश कमी असतो, त्यामुळे दुपारी प्रसन्न दिसलेली छटा तिथे मळकट किंवा गुलाबीसर होऊ शकते.

आलेख आणि नकाशांत तर आणखी जपावे. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना कमी जाणवतो, त्यांना फिकट जांभळा आणि फिकट निळा जवळजवळ एकच दिसतात. हे दोन रंग शेजारी वापरायचेच असतील तर एक बराच गडद करावा किंवा त्यावर रेषांची नक्षी द्यावी.